शनिवारचा सिनेमा आणि आज्जींचे कान

सुनेनं फोनवर सांगितलं ते एवढंच: सासूबाईंना कानाचं मशीन बसवायचंय, टीव्हीचा आवाज आता घरात कुणाला सहन होत नाही. घर कोल्हापुरातलं, राजारामपुरीतलं. माणसं चार. आज्जी 73 वर्षांच्या, आयुष्यभर घरी शिवणकाम केलेलं. मुलगा 49 वर्षांचा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. सून पतसंस्थेत कॅशियर. नात अकरावीला. नावं देत नाही.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. माणूस समोर बसला की कान बघायच्या आधी एक प्रश्न विचारतो: पूर्वी आवडीनं करायचात आणि आता टाळता, असं काय आहे? बहुतेक जण लग्नसमारंभ सांगतात, काही फोन. आज्जी म्हणाल्या, "शनिवारचा सिनेमा."

या घरात शनिवारी मटण शिजत नाही, त्यामुळे जेवण लवकर उरकतं. मग परातीत भडंग, मोठा दिवा बंद आणि सिनेमा. दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा, तेव्हापासूनची ही सवय. पुढे केबल आली, सीडी आली, आता ओटीटी. वार तोच राहिला. सिनेमा आळीपाळीनं निवडायचा. नातीची पाळी असली की खून आणि पोलीस, सुनेची असली की कौटुंबिक, मुलाची असली की दाक्षिणात्य हाणामारी हिंदीत डब केलेली. आज्जींची पाळी असली की जुना मराठी.

गेली दोन-तीन वर्षं आज्जी आपल्या पाळीखेरीज मध्यंतराच्या आत उठून जात होत्या. "झोप आली." घरातल्यांनी ते खरं मानलं. न उठल्या तर रिमोट त्यांच्या हातात, आकडा तिशीच्या पुढे, सून कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात, आणि तरीही दर पाच मिनिटांनी, "काय म्हटला रं त्यो?" मुलगा सांगेपर्यंत पुढची दोन वाक्यं गेलेली. मग तिघंही वैतागलेले.

आज्जींची स्वतःची तक्रार कानाची नव्हतीच. त्या म्हणाल्या, "हल्लीची नटमंडळी तोंडातल्या तोंडात बोलतात. पूर्वीचं एकेक वाक्य कसं खणखणीत." घरातले हसले. मी हसलो नाही, कारण त्यात बरंच तथ्य आहे.

घरी जाऊन पाहिलं

क्लिनिकमधली ध्वनिरोधक खोली कानाबद्दल सांगते, घराबद्दल काही सांगत नाही. म्हणून एका शनिवारी त्यांच्याकडे जाऊन बसलो. टीव्ही भिंतीवर, शोकेसच्या खोबणीत. आताच्या चपट्या टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. इथं ते खालच्या फळीकडे तोंड करून होते. खाली गुळगुळीत फरशी, खिडकीला पातळ पडदा, वर पाचावर फिरणारा पंखा. आज्जींची खुर्ची दाराजवळ, टीव्हीच्या एका अंगाला, पंख्याच्या अगदी खाली. का, तर गुडघे दुखतात, उठून जायला सोपं पडतं.

मी आधी आज्जींच्या आवडीचा एक कृष्णधवल सिनेमा लावायला सांगितला आणि रिमोट त्यांच्याकडे दिला. त्यांनी आवाज सोळावर ठेवला आणि निवांत बघू लागल्या, नटाच्या आधी त्याचं वाक्य बोलूही लागल्या. मग नातीच्या यादीतला अलीकडचा रहस्यपट लावला. रिमोट हळूहळू चौतिसावर गेला. एका प्रसंगात सावकार "साठ हजार" म्हणतो, आज्जींनी "आठ हजार" ऐकलं आणि पुढची सगळी भांडणं त्यांना विनाकारण वाटू लागली. "एवढ्याशा पैशापायी?" तेवढ्यात पार्श्वसंगीत धाडकन वर आलं आणि चौतिसावर स्वतःच नेऊन ठेवलेल्या आवाजानं आज्जींनीच कानावर हात ठेवला.

माझ्या दृष्टीनं अर्धं निदान तिथंच झालं. तोच टीव्ही, तीच खुर्ची, तेच कान आणि दोन सिनेमांत आकडा दुप्पट. मग आवाज वाढवून प्रश्न सुटणार कसा?

जुन्या चित्रपटांचे संवाद प्रायः स्टुडिओत नंतर ध्वनिमुद्रित केलेले असायचे. नट माइकपुढे उभा, रंगभूमीवर घासलेली वाणी, मागं गोंगाट नाही, सगळा आवाज एकाच मोनो ट्रॅकवर. संगीत संवादाला वाट करून देई. 2001 च्या 'लगान'पासून हिंदीत चित्रीकरणाच्या जागीच आवाज टिपण्याची पद्धत रुळत गेली आणि पुढे मराठीतही आली. अभिनय खरा वाटतो, पण कुजबुज कुजबुजच राहते. रस्ता, पाऊस, भांडी सगळं बरोबर येतं. शिवाय ध्वनिमिश्रण होतं ते चित्रपटगृहासाठी. तिथं संवादाला पडद्यामागचा मधला स्पीकर जवळजवळ राखून ठेवलेला असतो. तोच पाच-एक वाहिन्यांचा आवाज टीव्हीच्या दोन लहान स्पीकरांत कोंबला की संवाद, पाऊस आणि ढोल एकाच दारातून बाहेर पडायला धडपडतात. कान ठणठणीत असलेला माणूस अंदाजानं भागवतो. आज्जींना ते कसं जमावं?

कान काय म्हणाले

उजव्या कानात मळ घट्ट बसला होता; तो आधी कान-नाक-घसा डॉक्टरांकडून काढून घेतला. घरी तेल घालून, पिन घालून काढायचा प्रयत्न झालाच होता, तो कृपया कुणी करू नये. मग ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येऊ लागतो याची मोजणी; ऐकू येऊ लागतो तो आकडा म्हणजे उंबरठा. उजव्या कानाचे उंबरठे 500 हर्ट्झला 30 डेसिबल, 1000 ला 35, 2000 ला 45 आणि 4000 ला 60. सरासरी साडेबेचाळीस. डावा कानही जवळपास तसाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आताच्या वर्गवारीत 35 ते 50 म्हणजे मध्यम श्रवणदोष.

सरासरीपेक्षा उताराकडे बघायला हवं. खालच्या पट्टीत कान बरे, वर जावं तसे घसरत गेलेले. वयानं येणारा श्रवणदोष असाच वरून खाली येतो. स्वरांची ताकद खालच्या पट्टीत असते, म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, बाई की बुवा तेही कळतं. स, श, फ, ठ, थ यांचा फुसफुसाट मात्र वरच्या पट्टीत, आणि तो नेमका गळतो. साठ, पाठ, काठ, आठ सगळे एकाच रांगेत येऊन बसतात. "ऐकू येतं, पण कळत नाही" हे वाक्य मी रोज ऐकतो. ऑडिओग्रामवर, म्हणजे या मोजणीच्या आलेखावर, ते उताराच्या रूपात दिसतं.

दुसरी गोष्ट घरच्यांना पटायला वेळ लागला. अशा कानाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज इतरांइतकेच, कधी जास्तच, टोचतात. ऐकू येणं आणि असह्य होणं यांच्यातली जागा आक्रसते. म्हणून "आवाज वाढव" आणि "कान फुटले" ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून पाच मिनिटांच्या अंतरानं निघतात. सुनेला हे ढोंग वाटायचं. तिला ऑडिओग्रामच्या कागदावर दोन्ही रेषा काढून दाखवल्या, तेव्हा ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आईंना मी उगाच बोलले."

मुलगा बरोबर आला होता, म्हणून त्याचीही तपासणी केली. तो नको म्हणत होता. 3000 पर्यंत ठीक, 4000 ला 45 डेसिबलचा खड्डा, 8000 ला पुन्हा सुधारून 25. दोन्ही कानांत. हा खड्डा कारखान्याची सही असते. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा आहे. शेकआउट (साचा फोडून ओतीव काढणं) आणि फेटलिंगच्या (ओतिवाची घासाई) भागात उभं राहिलेल्या माणसाला ती ओलांडायला वेळ लागत नाही. इअरप्लग मिळालेले होते. कुठं आहेत? "ड्रॉवरमधे." म्हणजे घरात टीव्हीचा आवाज वाढवणारे हात दोन जोड्या होते आणि बोट एकाच माणसाकडे होतं.

मशीनच्या आधी

घरच्यांची घाई मशीनची होती. मी आधी खोली घेतली. आज्जींची खुर्ची टीव्हीच्या समोर, साधारण सहा फुटांवर आणली आणि शेजारी उठायला आधार म्हणून स्टूल ठेवलं. पंखा दोनावर. खिडकीला जाड पडदा. टीव्ही खोबणीतून जरा पुढे ओढला. टीव्हीच्या ध्वनीच्या मेन्यूत कुणीतरी सराउंडसारखं काहीतरी चालू करून ठेवलं होतं. ते बंद करून संवाद स्पष्ट करणारा पर्याय लावला. ओटीटीवर जिथं 5.1 (चित्रपटगृहासारखा अनेक वाहिन्यांचा) आणि साधा स्टीरिओ (दोन वाहिन्यांचा) असे दोन पर्याय दिसतात, तिथं स्टीरिओ निवडायला नातीला शिकवलं. यातल्या पडद्याखेरीज कशालाच पैसे पडले नाहीत. पुढच्या शनिवारी आकडा चौतिसावरून सव्विसावर आल्याचा निरोप नातीनं पाठवला.

उपशीर्षकांची गोष्ट मात्र अर्धीच जमली. मराठी सिनेमाला ओटीटीवर उपशीर्षकं मिळतात ती बहुतेक इंग्रजी. आज्जींना त्यांचा काय उपयोग? काही हिंदी सिनेमांना हिंदी उपशीर्षकं मिळाली, ती त्यांनी चटकन वाचली. मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यामुळे नजर स्वच्छ होती. सुरुवातीला त्यांनी नाक मुरडलं होतं: सिनेमा बघायचा की पुस्तक वाचायचं? मी म्हटलं, आपल्याकडे सिनेमा सुरू झाला तोच मुळी वाचायचा. 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' मूकपट, पडद्यावर मधेमधे पाट्या यायच्या आणि वाचता येणारा शेजारच्याला वाचून दाखवायचा. तुमच्या कोल्हापुरात तर 1929 मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनी सुरू झाली तीही मूकपटांनीच. हे त्यांना भावलं. ब्रिज कोठारी यांनी गाण्यांच्या कार्यक्रमांत खाली गाण्याच्या ओळी दाखवण्याची कल्पना 1996 मध्ये मांडली, ती साक्षरतेसाठी. पण ज्या भाषेत बोलतात त्याच भाषेत खाली ओळी हव्यात ही माझ्यासारख्यांचीही मागणी आहे. मराठी बोलपटाखाली मराठी ओळी एवढी साधी गोष्ट अजून नवलाईची का असावी, हे मला खरंच कळत नाही.

मग नातीनं स्वतःच्या पैशांतून ब्लूटूथ हेडफोन आणले. पोरीचं कौतुक वाटलं, पण दोन अडचणी लगेच आल्या. पहिली, ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. ब्लूटूथमध्ये असा विलंब नेहमीचा, आणि ओठांवरून अर्धं समजून घेणाऱ्या माणसाला तो सर्वात जाचतो. दुसरी अडचण आज्जींनी सांगितली. हेडफोन काढून त्या म्हणाल्या, "सिनेमा ऐकू येतोय. पण तुम्ही कशाला हसताय ते कळत नाही."

मला या सगळ्या प्रकरणात हे वाक्य सर्वात महत्त्वाचं वाटतं. शनिवारी या घरात दोन गोष्टी ऐकायच्या असतात: एक पडद्यावरची आणि दुसरी पडद्याबद्दलची. नायक कुणाच्या चुलत्यासारखा दिसतो, ही साडी आपल्या काकूकडे होती, खुनी कोण हे मुलगा दहाव्या मिनिटाला जाहीर करतो आणि चुकतो. आज्जींना हेडफोन देऊन त्यांना पहिली गोष्ट मिळाली आणि दुसरीतून त्या बाहेर पडल्या. बाजारात "टीव्हीसाठी ज्येष्ठांचा उपाय" म्हणून जे काही विकलं जातं, त्यातलं बरंचसं एकट्यानं राहणाऱ्या माणसाला उपयोगी आहे. भरल्या घरात ते माणसाला त्याच खोलीत एकटं पाडतं.

मशीन, फक्त शनिवारपुरतं

श्रवणयंत्र शब्द निघाल्यावर आज्जींनी मान फिरवली. मधल्या काळात मुलानं व्हॉट्सअॅपवर आलेलं काहीतरी वाचून दाखवलं होतं, की मशीन लावलं नाही तर विसरभोळेपणा येतो. त्यानं त्या जास्तच बिथरल्या. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) टाळता येण्याजोग्या 14 जोखमींत श्रवणदोष आहे हे खरं. पण "मशीन लाव नाहीतर वेड लागेल" असा त्याचा अर्थ होत नाही, आणि भीतीनं घेतलेलं मशीन कपाटात जातं हा आमच्या धंद्यातला रोजचा अनुभव.

आज्जींनी स्वतःच तोडगा काढला. "शनिवारपुरतं घालीन. सिनेमा संपला की काढणार." शास्त्राप्रमाणे हे चूक. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज मेंदूच्या पुन्हा ओळखीचे व्हायला आठवडे लागतात, रोज काही तास वापर लागतो. तरी मी हो म्हटलं. घालण्याचं कारण माणसाचं स्वतःचं असेल तर तास वाढवता येतात. कारणच नसेल तर तासांचं वेळापत्रक फ्रिजवर लटकून राहतं.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. चांगलं डिजिटल यंत्र एका कानाला वीस-पंचवीस हजारांपासून लाखाच्या पुढे जातं. ज्यांना परवडत नाही अशा दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. या घरानं मधल्या किमतीची जोडी घेतली, दोन्ही कानांना. एकाच कानाला घेऊन पैसे वाचवायचा विचार मुलाचा होता. दोन्ही कान सारखेच उतरलेले असताना एकावर भागवलं तर गोंगाटातून शब्द वेगळा काढणं जास्त अवघड होतं.

कानामागचं यंत्र, बारीक नळी आणि कानाच्या आत बसणारा, छिद्रं असलेला मऊ डोम (टोपीसारखं टोक). खालच्या पट्टीत आज्जींचे कान बरे असल्यामुळे कानाचं भोक पूर्ण बंद करायची गरज नव्हती. बंद केलं की स्वतःचाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो.

पहिल्या शनिवारी यंत्र वीस मिनिटं टिकलं. ताट ठेवल्याचा आवाज, नळ, नातीनं पिशवी चुरगाळली तो आवाज, आणि भडंग. कुरकुरीत खाताना दातांचा आवाज हाडांमधून थेट कानात पोचतो. यंत्र घातलेल्या माणसाला, उघडा डोम असला तरी, तो थोडा जास्त जाणवतो. शेजारी तिघं खात असले की त्यांचाही आवाज यंत्र इमानेइतबारे मोठा करून आत पाठवतं. आज्जी म्हणाल्या, "सिनेमा राहिला बाजूला, मला तुमचे दात ऐकू येताहेत." उपाय घरातूनच निघाला: भडंग मध्यंतरात. सिनेमाच्या बरोबर मध्यावर सून पॉज करते, दिवा लावते, परात फिरते. घरच्या सिनेमाला पुन्हा मध्यंतर मिळालं, त्याचा आनंद मला जरा जास्तच झाला.

मधल्या आठवड्यात बॅटऱ्यांचा घोटाळा झाला. या झिंक-एअर बटण सेल. पाठीला रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की सेलच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि तो जिवंत होतो. यंत्रात घालायच्या आधी मिनिटभर उघडा ठेवायचा. आज्जींनी पुढच्या वेळी घाई नको म्हणून पाकिटातल्या सहाच्या सहा सेलांच्या पट्ट्या काढून, सेल पुसून, शिवणाच्या डबीत बटणांबरोबर नीट मांडून ठेवले. यंत्रात न घालताही सेल उतरत गेले. पट्टी परत चिकटवून उपयोग नसतो हे सांगावं लागलं, शिवाय असे सेल लहान मुलांच्या हाती पडतील तिथं ठेवायचे नाहीत हेही.

सरावासाठी मी आज्जींना त्यांचा पाठ असलेला जुना सिनेमा दुपारी अर्धा तास यंत्र घालून बघायला सांगितलं. वाक्य आधीच माहीत असलं की कान आणि आठवण यांची जोडी लागते. हरवलेला 'स' कुठं असायला हवा ते मेंदूला ठाऊक असतं आणि तो तिथं सापडतो. बातम्यांपेक्षा हे चांगलं चाललं. शनिवारपुरतं ठरलेलं यंत्र अशा रीतीनं दुपारी आलं, मग तिथून उठून संध्याकाळी दारावरच्या गप्पांत गेलं. मी त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. बोललो असतो तर करार मोडल्याची आठवण झाली असती.

आज काय स्थिती आहे

आवाज आता वीसच्या आसपास असतो. कौटुंबिक सिनेमा आज्जींना जवळपास पूर्ण कळतो. रहस्यपटात दोन माणसं एकदम बोलली की सुटतं, आणि हाणामारीत त्या सरळ यंत्राचा आवाज कमी करतात. "काय म्हटला?" पूर्ण थांबलेलं नाही आणि थांबणारही नाही; ज्या घराला शंभर टक्के हवं असतं ते घर यंत्रावर लवकर नाराज होतं. आता एका सिनेमात तीनदा पॉज करायची मुभा आहे. नात मोजते, आज्जी चौथ्यांदाही मागतात.

एकदा सगळे चित्रपटगृहात जाऊन आले. संवाद घरापेक्षा स्पष्ट आले, गाण्यांना आज्जींनी दोन्ही यंत्रं काढून पर्समध्ये ठेवली. माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं मार्च 2024 मध्ये चित्रपटगृहांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात श्रवणदोष असलेल्यांसाठी कॅप्शनची तरतूद आहे. त्या खेळाला तिकीट खिडकीवर नातीनं विचारलं, तर खिडकीतल्या माणसानं तिलाच विचारलं की ते काय असतं.

टीव्हीचा आवाज थेट यंत्रात सोडणारा जोड घ्यायचा का, असं मुलानं विचारलं होतं. आज्जींना विचारून मी नको म्हटलं. रहस्यपट जास्त कळेल, पण खुनी कोण हे मुलगा जाहीर करतो ते तितकंसं ऐकू येणार नाही.

मुलाचं प्रकरण मात्र बंद झालेलं नाही. त्याची फेरतपासणी व्हायला हवी, आणि त्याआधी किमान चौदा तास कान गोंगाटापासून दूर हवेत, नाहीतर पाळीचा तात्पुरता थकवाच कागदावर येतो. म्हणजे सुट्टीचा दिवस हवा. दोन रविवार त्यानं काही ना काही कारण काढलं. तिसऱ्या वेळी आज्जींनी फोन माझ्याकडून काढून घेतला आणि त्याला सांगितलं की प्लग कानात गेल्याचं कळेपर्यंत त्याची सिनेमा निवडायची पाळी रद्द.